बँक 'नाही' म्हणते तेव्हा: बीडच्या घरांची आणि कागदांची दीडशे वर्षांची गोष्ट

(हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. माझा घरकर्जाचा अर्ज आतापर्यंत तीनदा नामंजूर झालाय.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बी.टेक. आहे, पगार दर महिन्याला खात्यात पडतो. मला पुण्यात फ्लॅट घ्यायचा नव्हता. केज तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांचं माळवदाचं घर आहे. दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात एसी लागत नाही, पण पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात पातेलं ठेवायचं हे पाठ करावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मागची भिंत खचली. तेव्हा ठरलं, हे उतरवायचं आणि स्लॅबचं घर बांधायचं. अंदाज निघाला बारा लाखांचा.

पहिल्या बँकेनं विचारलं, घराचा मालकीचा कागद? आम्ही ग्रामपंचायतीचा नमुना आठ दिला. साहेबांनी तो बघितला आणि परत सरकवला. "सर, ही घरपट्टीची नोंद झाली. मालकीचा कागद आणा."

मग घरात विचार झाला की रस्त्याकडेला आपलं वीस गुंठं रान आहे, तिथंच बांधू. दुसऱ्या बँकेत सातबारा नेला. तिथं उत्तर मिळालं, "ही शेतजमीन आहे, आणि वर लिहिलंय बघा, भोगवटादार वर्ग दोन."

तिसऱ्या वेळी कागदाचं बरंच जमलं होतं (कसं, ते पुढं सांगतो), तर अडचण निघाली माझ्या वडिलांच्या उत्पन्नात आणि माझ्या सिबिल स्कोअरमध्ये.

बँकांची नावं मी घेणार नाही, कारण त्यांनी नियमाप्रमाणंच केलं. पण तिसऱ्यांदा गावाकडं आलो तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "आरं, ह्या घरात माझी आई गेली, तू जन्मलास. हे घर आमचं हाय का न्हाई, हे त्या बँकेला कोन सांगनार?"

प्रश्न बरोबर होता. कोण सांगणार, आणि आजवर कोणी सांगितलं का नाही? मी इंजिनिअर माणूस, बग आला की लॉग वाचत मागं जायची सवय. तसाच मागं जात राहिलो, आणि पोचलो थेट निजामाच्या काळात. घरकर्ज नाकारलं जाण्याची सगळ्यांत नेहमीची कारणं घ्या: मालकीचा कागद नाही, जमीन तारण चालत नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही, आधीच्या कर्जाची नोंद बरी नाही. ही चारही कारणं बीड जिल्ह्यात दीडशे वर्षांत तयार झालेली आहेत. एकेक घेऊ.

जे मोजलं नाही ते कागदावर आलंच नाही

बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. तिथला महसुलाचा कारभार शिस्तीत आणला पहिल्या सालारजंगानं. तो १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं दिवाण होता. त्यानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडून त्यांवर पगारी अधिकारी नेमले. त्यानंतर मराठवाड्याच्या भागात, शेजारच्या मुंबई इलाख्याच्या धर्तीवर, शेतजमिनीची मोजणी झाली.

ही मोजणी साखळीनं व्हायची. साखळी ३३ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट असतो ना, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो या साखळीवरून आलाय. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, माती बघून प्रत ठरली आणि त्यावर सारा बसला.

आता मुद्दा ऐका. मोजणी कशासाठी होती? साऱ्यासाठी. ज्यातून पीक येतं त्यावर सारा, म्हणून शेत मोजायचं. गावठाणात माणसं राहतात, तिथं पीक येत नाही, सारा नाही. मग ते मोजायचं कशाला? नकाशावर गावठाण म्हणजे शेतांच्या मधोमध सोडलेला एक आकार. त्याच्या आत कोणाचा वाडा, कोणाचं माळवद, कोणाची झोपडी, कोणाची भिंत कुठं संपते, याची सरकारदरबारी नोंदच नाही. मुंबई इलाख्यातही गावठाणांचं असंच होतं.

पुढं काही मोठ्या गावांचं आणि शहरांचं नगर भूमापन झालं, तिथल्या लोकांना मालमत्ता पत्रक मिळालं. बाकीच्या गावांत १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखाली घरपट्टी लागली आणि आकारणीचं रजिस्टर आलं. त्यालाच आपण नमुना आठ म्हणतो. त्यात घराचा नंबर असतो, कर भरणाऱ्याचं नाव असतो आणि अंदाजे लांबी-रुंदी असते. पण ते घरपट्टीसाठी ठेवलेलं आहे. अमुक माणूस कर भरतो एवढंच ते सांगतं, अमुक माणूस मालक आहे असं ते सांगत नाही.

खरं तर सातबाराही मुळात महसुलाचाच कागद. फरक एवढाच की कायदा त्यातली नोंद, खोटी ठरेपर्यंत, खरी धरतो. गावठाणातल्या घराला तेवढाही आधार नव्हता.

म्हणजे बघा, आमच्या चार पिढ्या ज्या घरात राहिल्या ते घर डोळ्यांना दिसतं, बँकेच्या फाईलला दिसत नाही. आणि उलट, ज्या शेतात आम्ही कधी राहिलो नाही त्याचा इंच न् इंच कागदावर आहे.

हे बदलायला २०२० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २४ एप्रिलला, पंचायत राज दिनी, केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी त्याआधीच ड्रोननं गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. पद्धत सोपी आहे. आधी गावात प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारतात, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून फोटो घेतो, त्यावरून नकाशा बनतो, हरकती ऐकतात आणि शेवटी भूमी अभिलेख खातं मालमत्ता पत्रक देतं.

आमच्या गावात चुना पडला त्या दिवशी निम्मं गाव आपापल्या भिंतीजवळ उभं होतं. दीडशे वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं की तुमचं घर कुठून कुठपर्यंत आहे. दोन ठिकाणी भांडणं झाली, आणि ती सन्मानाची नव्हती, वीतभर जागेची होती. कारण एकदा रेष कागदावर गेली की पुसायला कोर्टात जावं लागतं, हे सगळ्यांना कळत होतं.

फसली सन आणि वर्ग दोन

आता ते वीस गुंठे. त्यांच्यासाठी मला आजोबांची पत्र्याची पेटी उघडावी लागली. आत एक कागद होता, अर्धा उर्दूत, आणि त्यावर साल होतं १३५८. मला वाटलं हा शिवरायांच्याही आधीचा कागद आहे. मग कळलं, ते फसली सन आहे. फसल म्हणजे पीक. हैदराबाद संस्थानाचा महसूल या सनावर चालायचा. त्यात साधारण ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. पोलीस कारवाई होऊन १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, त्याच्या लगेच नंतरचा हा कागद.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात फिरली, तेव्हा खासरा पत्रक, पाहणी पत्रक, मोडी, उर्दू हे शब्द आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर आले. तेच कागद जमिनीच्या मालकीचाही इतिहास सांगतात. १९५४-५५ चं खासरा पत्रक हा मराठवाड्यातल्या जमिनीच्या प्रकरणात आजही पहिल्यांदा काढला जाणारा उतारा आहे. वकील मालकीचा शोध घेतो तेव्हा साखळी जोडत मागं जातो: आजचा मालक कोण, त्याला कोणाकडून मिळाली, त्याला कोणाकडून. पुणे-साताऱ्यात ही साखळी मराठीतच मागं जाते. आपल्याकडं ती मध्येच भाषा बदलते, लिपी बदलते, सनही बदलतो. एक कडी वाचता आली नाही तर वकिलाचा अहवाल अडतो, आणि अहवाल अडला की कर्ज अडतं.

आमच्या जमिनीचं मूळ निघालं इनामात. निजामाच्या राज्यात इनामांचे कितीतरी प्रकार होते. त्यातले दोन शब्द बीडच्या माणसाला माहीत हवेत. मदतमाश म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे देवळाची, मशिदीची, दर्ग्याची सेवा करण्याबद्दल दिलेली जमीन. इनाम कोणाचं आणि किती, याची चौकशी होऊन जो दाखला मिळे त्याला मुंतखब म्हणत.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर आले. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, कसणाऱ्या कुळांना हक्क मिळाले. १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा आला, इनामं खालसा झाली. पण धार्मिक आणि धर्मादाय इनामं त्यातून वगळली होती. आणि ज्या इनामी जमिनी कसणाऱ्यांकडं आल्या, त्यातल्या बऱ्याच अटीसह आल्या: परवानगीशिवाय विकायची नाही, विकायची तर सरकारला नजराणा भरायचा. हीच ती वर्ग दोनची जमीन. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं तिला 'भोगवटादार वर्ग दोन' हे नाव पक्कं केलं.

आजोबांना वाटलं जमीन मिळाली, आणि ती मिळालीही. पिढ्यान् पिढ्या कसली, त्यावर ज्वारी काढली, कापूस काढला. पण बँकेच्या नजरेनं बघा. तारण घ्यायचं म्हणजे कर्ज बुडालं तर ती वस्तू विकून पैसे वसूल करता आले पाहिजेत. जी जमीन मालकालाच सहजासहजी विकता येत नाही, ती बँक कशी विकणार? म्हणून घरकर्जाला वर्ग दोन म्हटलं की फाईल बाजूला जाते.

दुसरी अडचण साध्या शेतजमिनीचीही आहे. २००२ च्या सरफेसी कायद्यानं बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा अधिकार दिला, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याची जमीन सहज जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण त्याचा उलटा परिणाम असा की शेतजमिनीवर घरासाठी कर्ज द्यायला बँक तयार होत नाही. आधी जमीन अकृषिक, म्हणजे एनए करून आणा म्हणते.

मदतमाश जमिनींचा नजराणा २०२४ मध्ये सरकारनं बराच कमी केला. आमची जमीन त्यात बसते का, हे तहसीलमध्ये विचारणं चालू आहे.

सावकार काय मागायचा?

तुम्ही म्हणाल, मग आधी लोकांना कर्ज मिळायचंच नाही का? मिळायचं, भरपूर मिळायचं. सावकाराकडून.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. गोरवाला समितीचा तो अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता जेमतेम ३ टक्के, व्यापारी बँकांचा १ टक्क्याच्या आत, आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास.

सावकार पगाराची स्लिप मागत नव्हता. त्याला माणूस माहीत असायचा, त्याचं रान माहीत असायचं, त्याची बैलजोडी माहीत असायची. त्याच्याकडं दोन प्रकारची गहाणं चालत. ताबेगहाणात जमिनीचा ताबाच सावकाराकडं, पीक तोच खाणार. नजरगहाणात जमीन तुमच्याच ताब्यात, फक्त त्याची नजर तिच्यावर. आणि 'मुदत खरेदी' नावाचा तिसरा सापळा होता: कागद खरेदीचा करायचा, अमुक मुदतीत पैसे दिले तर जमीन परत, नाही दिले तर गेली.

त्या कागदांची दहशत किती होती बघा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांनी सावकारांवर हल्ला केला. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो. लोक सावकारांच्या घरातून काय ओढून काढत होते? गहाणखतं, कर्जरोखे, डिक्र्या. ते कागद चौकात जाळले. जिथं कागद हवाली केले तिथं बहुतेक वेळा सावकाराच्या अंगाला हात लागला नाही.

इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे जामखेडच्या शेतकऱ्याला तो लागू, आणि हद्द ओलांडून आष्टीत आलं की नाही, कारण आष्टी निजामाची. ज्वारी तीच, दुष्काळ तोच, कायदा मात्र वेगळा.

आजची बँक आणि तेव्हाचा सावकार यांत मला एक फरक ठळक दिसतो. सावकार सहज हो म्हणायचा, कारण जमीन खिशात घालायची त्याची तयारी असायची. बँक नाही म्हणते, कारण तिला तुमची जमीन नकोय, हप्ता हवाय. हे कळल्यावर माझा बँकेवरचा राग थोडा उतरला. आणि 'कागद लागत नाही, दहा मिनिटांत कर्ज' म्हणणाऱ्या मोबाइल ॲपांची मला जास्त भीती वाटायला लागली.

उचल घेणाऱ्याची सॅलरी स्लिप

तिसरं कारण उत्पन्नाचं.

आपण ज्याला होम लोन म्हणतो ते भारतात तसं नवीन आहे. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी काढली, तोपर्यंत मध्यमवर्गीय माणूस घर बांधायचा तो निवृत्तीच्या पैशातून. या संस्थेनं पहिलं कर्ज १९७८ मध्ये दिलं, मुंबईत मालाडच्या एका घरासाठी. कल्पना मोठी होती: घर म्हातारपणी नाही, कमावत्या वयात व्हावं. पण तिच्या डोळ्यासमोर होता शहरातला पगारदार. महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार, त्यातून ठरलेला हप्ता. कर्जाचा फॉर्म त्या माणसाच्या मापानं शिवला गेला, आणि आजही माप तेच आहे.

त्याच काळात बीडमध्ये काय चाललं होतं? १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक कारखाने आले. त्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती. इकडं बालाघाटच्या माळावर पाऊस कमी आणि सिंचन नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर तर कोयता घेऊन निघणाऱ्यांची रांग वाढतच गेली.

या धंद्याचा हिशोब ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यात, हातात काही नसताना, मुकादम उचल देतो. ते आगाऊ पैसे. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, कारखान्याच्या भागात कोपी करून राहते, टनावर मजुरी लागते आणि ती उचलीतून वळती होत जाते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब होतो. उचल फिटली तर हातात काही येतं, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर.

आता या माणसाला बँक विचारते: मासिक उत्पन्न किती? तो काय लिहिणार? त्याला पैसे वर्षातून एकदाच मिळतात, तेही आधी मिळतात, आणि नंतर अंगमेहनतीनं फेडले जातात. खरं बघितलं तर ऊसतोड कामगार जन्मभर कर्ज फेडतच असतो. दरवर्षी, वेळेवर, पाठीवर मोळी वाहून. पण ही परतफेड मुकादमाच्या वहीत राहते, बँकेच्या एकाही कॉम्प्युटरला ती दिसत नाही.

माझे अण्णा आणि आई सतरा हंगाम कोयत्यावर गेले. मी इंजिनिअर झालो तो त्या पैशांवर. माझ्या अर्जात सहअर्जदार म्हणून अण्णांचं नाव घातलं, तेव्हा उत्पन्नाच्या रकान्यात बँकेनं शून्य लिहिलं. ते शून्य बघून मला जे वाटलं ते मी इथं बोलून दाखवणार नाही.

माझी स्वतःची चूक

चौथं कारण मात्र इतिहासावर ढकलता येत नाही. ते माझंच.

सिबिल ही कंपनी २००० मध्ये स्थापन झाली. कर्ज देणाऱ्यांनी कर्जदारांची माहिती एका ठिकाणी ठेवावी ही कल्पना, आणि २००५ च्या कायद्यानं तिला चौकट दिली. आज सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बँका खूश असतात.

मी कॉलेज संपल्यावर एका ॲपवर 'आत्ता घ्या, नंतर पैसे द्या' करून बूट घेतले होते. १,८४० रुपये. मग सिम बदललं, त्यांचे मेसेज जुन्या नंबरवर जात राहिले, आणि मी विसरलो. कर्ज थकीत दिसत राहिलं आणि स्कोअर घसरला. बारा लाखांच्या घराला एका बुटाच्या जोडीची ठेच लागली.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. साधं गणित सांगतो. हातात पगार ४८,००० धरा. बँक साधारण धरते की सगळे हप्ते मिळून निम्म्या पगाराच्या पुढं जाऊ नयेत, म्हणजे २४,०००. आता बहिणीच्या लग्नाचं पर्सनल लोन ९,५००, गाडीचा हप्ता ४,२००, फोनचा २,३००. झाले १६,०००. उरले ८,०००. वीस वर्षांच्या मुदतीला ९ टक्के व्याजानं एका लाखाला महिना साधारण ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज मिळणार नऊ लाखांच्या आत. मागितलं बारा. पगार चांगला असून अर्ज का अडला, ते कळलं ना?

मग करायचं काय?

जे मी उशिरा शिकलो ते सांगतो.

पहिलं, नकार आला तर कारण लेखी मागा. कर्जाची रक्कम कितीही असली तरी, नाकारण्याचं मुख्य कारण बँकांनी लेखी कळवावं असं रिझर्व्ह बँकेनं २००७ पासून सांगितलेलं आहे. कारण न कळता चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते.

दुसरं, अर्ज करायच्या सहा महिने आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आता आहे.

तिसरं, सातबारावरचा 'इतर हक्क' हा रकाना वाचा. सोसायटीचं पीककर्ज फेडलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडं जावं लागतं, फेरफार व्हावा लागतो.

चौथं, वारसनोंद. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली आणि कागदावर अजून तेच मालक, असं घराघरात आहे. गेलेल्या माणसाची सही कोणी आणू शकत नाही.

पाचवं, गावठाणात घर असेल तर तुमच्या गावची स्वामित्वची मोजणी झाली का, पत्रक आलं का, हे ग्रामपंचायतीत विचारा. आणि पत्रकावरचं नाव, माप, शेजारी नीट वाचा.

फाईल चौथ्यांदा

आता आमचं काय झालं ते. बुटांचे पैसे भरले, फोनचे हप्ते संपवले, स्कोअर वर आला. मालमत्ता पत्रक आलंच होतं. त्यावर तीन नावं आहेत: अण्णा, काका आणि आत्या. बँक म्हणाली, तिघांच्याही सह्या लागतील.

काका तेव्हा कर्नाटकात होते, टोळीबरोबर. पट्टा पडेपर्यंत थांबलो. मार्चअखेर ते आले, सही केली.

आत्याच्या बाबतीत गावातल्या जाणत्यांनी सल्ला दिला, "हक्कसोड करून घ्या, सोपं जातं." सगळीकडं हेच करतात. मीही कागद तयार करून घेतला होता. आत्यानं तो हातात घेतला, तिला वाचता येत नाही, म्हणून मला वाच म्हणाली. मी वाचला. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बांधा की घर. मी आडवी येत न्हाई, सही बी करते. पन नाव ऱ्हाऊ दे बाबा. माझं नाव लिवलेला आख्ख्या जल्मात ह्यो एकच कागद हाय."

हक्कसोडीचा कागद मी फाडला. आत्या आता आमच्याबरोबर सहअर्जदार आहे. त्यात एक नवीन भानगड निघाली: पत्रकावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून दिलंय. आकडाही बारावरून नऊ लाखांवर आणलाय, वरचा मजला पुढं बघू. फाईल चौथ्यांदा आत गेलीय, उत्तर अजून यायचंय.

तुमच्या घरी अशी पत्र्याची पेटी असेल, त्यात उर्दू, मोडी, फसली सन असं काही असेल, तर आज रात्रीच त्याचे नीट फोटो काढून ठेवा. वाळवीला आपल्या इतिहासाशी काही देणंघेणं नसतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की ही जमीन, हे घर आपल्याकडं आलं कसं. ते सांगतील त्यातलं निम्मं कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

पुढच्या भागात या मोडी आणि उर्दू कागदांबद्दलच बोलू, ते वाचायचे कसे आणि वाचून कोणाकडून घ्यायचे. आमच्या फाईलचं काय झालं तेही तेव्हा सांगेन. तोवर राम राम.